उलट्या विहिरीची पहिली आवृत्ती

१

"हे माझं पुस्तक नाही," म्हातारी म्हणाली, आणि मांडीवरचं पुस्तक तिनं ताटात झुरळ निघावं तसं दोन बोटांनी बाजूला सारलं.

"बघितलंत?" तिचा मुलगा माझ्याकडे वळला. आवाजात काळजी होती, पण चेहऱ्यावर चक्क समाधान होतं. "रोज हेच चाललंय. म्हणे, कुणीतरी पुस्तक बदललं. अहो, घरात येतंय कोण आणि बदलतंय कोण?"

मुलगा दातांचा डॉक्टर. वाकडे दात सरळ करण्यात आपला हात धरणारा कुणी नाही, हे त्यानं मला जिना चढतानाच सांगून टाकलं होतं. मी काही त्याला दात दाखवायला आले नव्हते. मी जुन्या सचित्र बालपुस्तकांची पारख करते. परी, राक्षस, बोलणारे बेडूक, उडणाऱ्या खाटा असली अद्भुत पुस्तकं. कुठली प्रत पहिल्या आवृत्तीची, कुठली नंतरची, कुठली दोन फाटक्या प्रतींचं लग्न लावून बनवलेली, हे मी सांगते. उघडण्याआधी पुस्तक हुंगायची मला सवय आहे, म्हणून या धंद्यात मला नाकवाल्या बाई म्हणतात. खरं सांगायचं तर आता पुस्तकांपेक्षा पुस्तकवाल्यांच्याच वासाचा मला उबग आलाय. मुलांसाठी केलेली पुस्तकं ही माणसं काचेच्या कपाटात कोंडतात, आणि एखाद्या मुलाचा हात लागलेला दिसला की नाक मुरडतात.

"तुम्ही दोनच गोष्टी सांगा," दंतवैद्य म्हणाला. "ही पहिल्या आवृत्तीची प्रत आहे, आणि ही तीच प्रत आहे. मनाच्या डॉक्टरीणबाई चारला येतायत. आईला भास होतात हे एकदा त्यांना पटलं, की तिची चांगल्या ठिकाणी सोय करता येईल."

"आणि हे घर?"

"घराचं काय, बघू पुढे."

"घर माझ्या नावावर आहे," म्हातारी खुर्चीतून म्हणाली. "आणि मला ऐकू येतं. फक्त दिसत नाही."

मला त्या बाई तिथल्या तिथे आवडल्या. मी त्यांना काकू म्हणायला लागले आणि त्यांच्या मुलाला खोलीबाहेर जायला सांगितलं. तो गेला, पण दार त्यानं पुरतं लावलं नाही.

२

पुस्तकाचं नाव 'उलट्या विहिरीचं राज्य'. आकाशाकडे तोंड करून लटकणारी एक विहीर, तिच्यात राहणारी राणी, ढगांची हजामत करणारा न्हावी, दाढीत पाखरं पाळणारा राक्षस. माझ्या हातून याच्या बऱ्याच प्रती गेल्या आहेत, आणि एकही मालक मला असा भेटला नाही की ज्याला ती गोष्ट माहीत होती. काकूंना ती तोंडपाठ होती.

"माझी पहिली मुलगी, ठकी," काकू म्हणाल्या. "हा व्हायच्या आधीची. शाळेत जायच्याही आधी तापानं गेली. या पुस्तकातल्या प्रत्येक चित्रावर तिनं मेणाचे खडू फिरवले होते. मी रागावले होते तेव्हा. महागाचं पुस्तक होतं ना."

त्यांनी एक बोट खुर्चीच्या हातावर आडवं फिरवलं.

"माझे डोळे गेले तेव्हा म्हटलं, आता तिची रेघ कशी दिसणार? मग कळलं, मेण बोटाला लागतं. राणीच्या चेहऱ्यावरून एक लाल रेघ निघते ती थेट पानाबाहेर जाते. मी रोज दुपारी त्या रेघेवरून बोट फिरवते. दुसरं काय आहे माझ्याकडे तिचं?"

"मग झालं काय?"

"मागच्या महिन्यात मी तापानं पडले होते. तेव्हा पुस्तक कपाटातच होतं. बरी झाले, काढलं, तर सगळी चित्रं गुळगुळीत! मेणाचा कणसुद्धा नाही. मी ओरडले. सून धावत आली, हा आला. म्हणाला, 'आई, रंग आहेत गं, तुझ्याच बोटांना कळत नाही.' दुसऱ्या दिवशी त्यानं पुस्तक हातात दिलं. बघते तर मेण लागतंय!"

"म्हणजे गेलेले रंग परत आले?"

"हो. पण ती ठकीची रेघ नाही." काकूंनी डोळे माझ्या दिशेनं वळवले. "आता तुम्हीच सांगा बाई, वेडी मी की काय?"

दाराबाहेरून दंतवैद्य म्हणाला, "ऐकलंत ना? रंग जातात आणि रंग येतात!"

मी पुस्तक नाकाशी धरलं. जुन्या पुस्तकाला धुळीचा, सरसाचा, बंद कपाटाचा वास येतो. याला फरशी पुसल्यानंतर येतो तसा ब्लीचचा वास येत होता.

३

मी पुस्तक खिडकीखालच्या टेबलावर घेतलं आणि सगळ्यांना आत बोलावलं. दंतवैद्य आला. त्याची बायको दाराला टेकून उभी राहिली. ती बालवाडी चालवते, आणि तिच्या पिशवीतून रंगखडूंची पेटी डोकावत होती. मागोमाग तिसरा माणूस आला, तो पाहून मात्र माझं डोकं उठलं.

याला आम्ही हातमोजे म्हणतो. जुन्या पुस्तकांचा व्यापारी, आज बहुधा हे पुस्तक विकत घ्यायलाच आलेला. गिऱ्हाइकासमोर कायम पांढरे हातमोजे घालतो आणि दुकानाच्या मागच्या खोलीत त्याच हातांनी जेवता जेवता पानं उलटतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

"बाई, तुम्हीसुद्धा?" तो गोड हसला. "वा, मग तर काळजीच नको."

मी पारख सुरू केली. हिरवं कापडी बाइंडिंग, त्यावर सोन्याच्या वर्खाचा बेडूक. नंतरच्या आवृत्त्यांत वर्ख परवडेना, बेडूक नुसता पिवळा झाला. पुठ्ठ्याच्या आतल्या कागदावर माशांची नक्षी. पुढे तीही गेली. इथवर सगळं ठीक.

पण खरी खूण आत असते. या पुस्तकातली रंगीत चित्रं वेगळ्या गुळगुळीत कागदावर छापून शिवणीच्या बाजूला चिकटवलेली आहेत. प्रत्येक चित्रावर एक झिरझिरीत पातळ कागद आहे, आणि त्या कागदावर चित्राचं नाव आहे. पहिल्या छपाईच्या वेळी चिकटवणाऱ्यांनी घोळ घातला. 'ढगांचा न्हावी' हे नाव असलेला कागद विहिरीतल्या राणीवर गेला आणि राणीचा कागद न्हाव्यावर. थोड्याच प्रती बाहेर पडल्या, चूक लक्षात आली आणि पुढच्या प्रतींत दुरुस्त झाली. म्हणून आमच्या धंद्यातला माणूस हे पुस्तक हातात आलं की आधी ती दोन पानं उघडतो. कागद चुकीचे असतील तर पहिली छपाई, आणि बरोबर असतील तर प्रत साधारण.

मी उघडलं. राणीवर राणीचा कागद, न्हाव्यावर न्हाव्याचा. अगदी बरोबर.

"नंतरची छपाई," मी म्हणाले.

"शक्यच नाही!" हातमोजे ओरडला. "मागच्या महिन्यात हे पुस्तक माझ्या दुकानात होतं, डॉक्टरांनी दाखवायला आणलं होतं. दोन्ही कागद उलटे होते. मी स्वतः पाहिलेत!"

दंतवैद्याचा चेहरा पडला.

"म्हणजे," हातमोजे सावकाश म्हणाला, "म्हातारबाईंचं बरोबर आहे. पुस्तक बदललंय. या घरातल्याच कुणीतरी."

"घरातल्या?" दंतवैद्य उसळला. "तुमच्या दुकानात चांगलं रात्रभर होतं ते! साधी प्रत आमच्या गळ्यात मारलीत आणि वर तोंड करून बोलताय?"

४

मी एकेकाला स्वयंपाकघरात बोलावलं.

हातमोजे आधी आला. त्यानं मोजे काढून ओट्यावर ठेवले, बहुधा मनमोकळेपणा दाखवायला.

"मी चोरीन का बाई? आणि चोरलंच, तर विकू कुणाला? त्या पोरीनं चित्रांवर गिरगटलंय. असली प्रत कोण घेतो?"

"हे तुम्ही डॉक्टरांना बोललात?"

"म्हटलं, हे रंग नसते तर गोष्ट वेगळी होती. त्यात खोटं काय आहे?"

"एवढंच म्हटलंत?"

तो जरा घुटमळला. "म्हटलं, स्वच्छ करता येतात. पण करणाऱ्याचा हात हलका पाहिजे. मी काही केलं नाही. करा असंही म्हटलं नाही."

हात झटकण्यात हा माणूस इतका तरबेज आहे की त्याला मोज्यांची गरजच पडू नये. मला त्याच्याकडे बघवेना.

मग सून आली. भांडी घासायच्या जागी एका बादलीत लाकडी ठोकळे आणि खुळखुळे भिजत होते. बादलीला ब्लीचचा वास होता.

"बालवाडीची खेळणी," ती म्हणाली. "मुलं सगळं तोंडात घालतात."

"आणि खडू?"

ती ओढणीच्या टोकाशी चाळा करायला लागली. "माझ्या पेटीतले लाल आणि निळा गेले होते. मग परत आले. टोकं झिजलेली."

"कुणाला बोलला नाहीत?"

"मला याच घरात राहायचंय ना."

"सासूबाईंना वेडं ठरवत होते, तरी मूग गिळून बसलात?"

ती रडायला लागली. मला दया यायला हवी होती. आली नाही. रोज सकाळी दुसऱ्यांच्या मुलांना खरं बोलायला शिकवत असेल ही, एवढंच मनात आलं.

दंतवैद्य शेवटी आला. येता येता त्यानं भिंतीवरचं कॅलेंडर बोटानं सरळ केलं. ओट्यावरचे व्यापाऱ्याचे मोजे एकावर एक नीट ठेवले. चमचे एका दिशेला वळवले. मग माझ्याकडे पाहिलं.

"व्यापाऱ्यानंच बदललंय. पोलिसात देतो त्याला."

"पण मग तुमच्या आईंचं म्हणणं खरं ठरतं," मी म्हणाले. "पुस्तक बदललं असेल तर त्यांना भास कसले?"

दातांच्या डॉक्टराचीच दातखीळ बसलेली मी पहिल्यांदा पाहत होते.

"किंवा," तो जरा वेळानं म्हणाला, "ही प्रत पहिल्यापासून साधीच असेल. आणि व्यापारी खोटं बोलत असेल."

"एक काहीतरी ठरवा, डॉक्टर. चार वाजत आलेत."

५

मी पुन्हा खिडकीशी गेले आणि राणीच्या चित्रावरचा पातळ कागद उजेडात धरला.

"इकडे या सगळे. चित्रावरची शाई तेलकट असते. वर्षानुवर्षं एकच कागद एका चित्रावर दाबून राहिला की चित्राची फिकट सावली त्या कागदात उतरते. हा कागद राणीवर आहे, यावर राणीचं नाव आहे. पण सावली कुणाची आहे, बघा."

हातमोजे वाकला आणि त्याच्या तोंडून नकळत शिटी निघाली. कागदात कात्री होती, शिडी होती, शिडीवर उभा माणूस होता.

"न्हावी!"

"आणि न्हाव्यावरच्या कागदात राणी आहे. म्हणजे हे दोन कागद सगळा जन्म एकमेकांच्या जागी होते. पुस्तक पहिल्या छपाईचंच आहे आणि ते कुणीही बदललेलं नाही. ही तीच प्रत आहे."

दंतवैद्यानं मोठा श्वास सोडला. "मी काय सांगत होतो! तीच प्रत. आई, ऐकलंस?"

काकू हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या.

"माझं संपलं नाही," मी म्हणाले. "न्हाव्यावरच्या कागदात राणीच्या सावलीशिवाय डागही आहेत. मेणाचे, जुने, मुरलेले. वाटेल तसे गेलेत. एक रेघ राणीच्या चेहऱ्यातून निघून थेट कागदाच्या बाहेर जाते. राणीच्या चित्रावर मात्र आता जो लाल रंग आहे, तो झग्यात अगदी किनारीपर्यंत भरलाय. एक ठिपका बाहेर नाही. डाग एका हाताचे आणि रंग दुसऱ्याच हाताचा. चित्रं सोडवून काढली, मेण स्पिरिटनं उतरवलं, उरलेला डाग ब्लीचनं घालवला आणि चित्रं परत चिकटवली. पातळ कागद मात्र धुता येत नाही, त्याचा लगदा होतो. म्हणून तेवढाच तसा राहिला. नंतर काकू ओरडल्या, तेव्हा त्यांना गप्प करायला वरून नवीन खडू फिरवले."

"कुणी?" सुनेनं विचारलं. तिला ठाऊक होतं, तरी विचारलं.

"या व्यापाऱ्यांनी नाही. त्या दोन चुकीच्या कागदांवर तर प्रतीचं सगळं मोल. व्यापारी घर पेटलं तरी ती चूक सुधारणार नाही. बरं, तुम्हीही नाही. तुमची पेटी वापरली, घरात ब्लीचही तुमचंच. पण तुम्ही रोज लहान मुलांची चित्रं बघता. एवढ्याशा पोरीची नक्कल करायची तर झग्याच्या आत रंग भरायचा नसतो, हे तुम्हाला झोपेतसुद्धा कळेल."

मी दंतवैद्याकडे वळले.

"हे ज्यानं केलं त्याला जुन्या पुस्तकातलं काही कळत नाही आणि मुलांमधलंही नाही. हात मात्र हलका आहे, आणि समोर काही वाकडं दिसलं की सरळ केल्याशिवाय राहवत नाही. राणीवर न्हाव्याचं नाव दिसलं, सरळ केलं. लाल रंग झग्याबाहेर जाऊ लागला, आत आणला. पुस्तक विकण्यासाठी बहिणीच्या रेघा धुतल्यात, आणि त्याच हातानं त्याची पहिल्या आवृत्तीची खूण पुसलीत."

६

त्यानं नाकारलं नाही. नाकारायची उसंतही मिळाली नाही, कारण हातमोजे मध्येच बोलला.

"बाई, एक विचारू? कागद परत उलटे लावले तर? आणि हे नवीन खडू काय, सहज निघतील. माझ्या ओळखीचा एकजण आहे..."

"बाहेर व्हा," मी म्हणाले. आवाज माझा मलाच ओळखू आला नाही. "आत्ताच्या आत्ता. नाहीतर मी तुमच्या अंगावर ओकेन."

तो गेला. मोजे तेवढे न विसरता घेऊन गेला.

दंतवैद्य आईसमोर उभा होता. "आयुष्यभर मला त्याला हात लावू दिला नाहीस," तो म्हणाला. "घरात एकच पुस्तक चित्रांचं, आणि ते तिचं. मी नुसता लांबून बघायचो. ती होती का समोर? मी होतो."

एक क्षण मला त्याच्यात तो लहान मुलगा दिसला, आणि वाईट वाटलं. मग डोळ्यांसमोर आलं, की हाच माणूस दिव्याखाली बसून, जीभ दातांत धरून, आंधळ्या आईच्या बोटांना फसवायला मेण घासत होता. आणि त्याच फसवणुकीच्या जोरावर तिला तिच्या घरातून काढणार होता. वाईट वाटणं तिथल्या तिथे आंबलं.

"मला मागितलं असतंस तर दिलं असतं," काकू म्हणाल्या. "तू कधी मागितलंच नाहीस रे."

दाराची घंटा वाजली. मनाच्या डॉक्टरीणबाई आल्या. चष्मा लावलेल्या, घाईतल्या. मी त्यांना दारातच सगळं सांगितलं. पुस्तक, कागद, सावल्या, खडू. त्यांनी दंतवैद्याकडे असं पाहिलं, की तो खिडकीबाहेर बघायला लागला.

"तरीपण मला आजींशी बोलावं लागेल," त्या म्हणाल्या. "मला त्यासाठीच बोलावलंय, आणि जे दिसेल तेच मी लिहीन."

त्यांनी खुर्ची काकूंजवळ ओढली. आज वार कोणता, घर कितव्या मजल्यावर, सकाळी काय खाल्लं. काकूंनी सगळं नीट सांगितलं. मग डॉक्टरीणबाईंनी दंतवैद्याला पुढे बोलावलं आणि त्याचा हात काकूंच्या हातात दिला.

"आजी, हे कोण आहेत?"

काकूंनी तो हात दोन्ही हातांत घेतला. बोटं चाचपली. मग पुन्हा एकेक करून चाचपली. दंतवैद्याच्या कपाळावर घाम होता. काकू आता याला ओळखत नाही म्हणतील, अशी मला धास्ती वाटली. रागानं म्हटलं असतं तरी ते त्यांच्याच विरुद्ध गेलं असतं. डॉक्टरीणबाईंनी लेखणी उघडली.

"माझा मुलगा," काकू म्हणाल्या आणि हात सोडून दिला. "विसरता आलं असतं तर बरं झालं असतं. पण माझी आठवण चांगली आहे हो. तसं लिहा."

डॉक्टरीणबाईंनी तसंच लिहिलं.